ट्रेल रनिंगचे शूज : साइज वाढवूनही नखं काळी पडतायत, नेमकं काय चुकतंय?

रानजाई | ७ सप्टेंबर, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथलं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही सांगायचं राहिलं तर विचारा. वय ४३, राहायला पुण्यात, धायरीला. आधी घराजवळ रस्त्यावरच पळायचे, मग तळजाई टेकडीवर जायला लागले आणि गेल्या हिवाळ्यापासून दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, चढताना भरभर चालत आणि उतरताना जमेल तिथे पळत. नोव्हेंबरात आमच्या ग्रुपबरोबर कात्रज ते सिंहगड करायचंय, तेही रात्रीचं.

त्रास असा की उतरताना पाय शूजच्या आत पुढे सरकतो आणि बोटं आदळतात. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली, उजव्या पायाचं शेजारचं बोटही. दुकानात सांगितलं की शूज लहान पडतायत, म्हणून ५ नंबरचे ठेवून ६ नंबरचे ट्रेलचे, म्हणजे डोंगरवाटांवर पळायचे घेतले, चांगले महागातले, आणि परवाच्या रविवारी परत तेच. वर कातळावर पाण्याचा ओघळ होता तिथे सटकले, कोपर सोलवटलं. म्हणजे सोल खोल दातांचा असून काही उपयोग नाही झाला.

कुठला ब्रँड घेऊ एवढंच विचारत नाहीये, शूज पायाला बसलाय हे ओळखायचं कसं ते मला समजून घ्यायचंय. इतका आनंद मिळतो त्या डोंगरावर की नखांपायी ते सोडायची वेळ यायला नको.

पहाट_पाच | ७ सप्टेंबर, रात्री १०:१५

ताई, अजून अर्धा नंबर वाढवा. लांब पळताना पाय सुजतात, मी रस्त्यावर ८ वापरतो आणि ट्रेलला ९. आणि नखं जाणं हे डोंगरात पळणाऱ्यांना चुकत नाही हो, मी एसआरटीची, म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा शर्यतीची ५३ किमी केली तेव्हा माझी दोन गेली, परत येतात.

मुरमाड_वाट | ७ सप्टेंबर, रात्री ११:०३

पहाट_पाच, पाय सुजतात हे बरोबर, पण नखं जाणारच असं नवीन माणसाला सांगू नका ना. आठ वर्षं सिंहगड-राजगड पट्ट्यात पळतोय, पहिल्या दोन वर्षांत पाच नखं घालवली आणि लेस बांधायची पद्धत बदलल्यापासून एकही नाही. रानजाई, घाईने तिसरा जोड घेऊ नका.

पेठेतले_जोडे | ८ सप्टेंबर, सकाळी ७:४०

आमचं घरचं चपला-बुटांचं दुकान, वडिलांच्या वेळेपासून, त्यामुळे लहानपणापासून लोकांचे पायच बघत आलोय. ताई, नंबर वाढवण्याआधी एवढं करून सांगा.

आज संध्याकाळी, सकाळी नाही, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभ्या राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन घेऊन, आणि दुसऱ्या कुणाला तरी सगळ्यात लांब बोटापुढे रेघ मारायला सांगा, आपण स्वतः वाकून मारली की पाय हलतो आणि माप चुकतं. मग पंज्याचा सगळ्यात रुंद भाग, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत. दोन्ही पायांचं वेगवेगळं घ्या, बहुतेकांचे सारखे नसतात.

मग नव्या शूजमधली आतली गादी, इनसोल, बाहेर काढा आणि तिच्यावर उभ्या राहा. पुढे किती जागा उरते आणि पंजा कडेने बाहेर येतो का ते बघा. शेवटचं म्हणजे शूज घालून लेस बांधून पायरीवर उतरायच्या दिशेने उभ्या राहा आणि घरातल्या कुणालातरी मागून टाचेचं कापड धरायला सांगा, मग टाच उचला, ती आतल्या आत वर सरकते का?

रानजाई | ८ सप्टेंबर, रात्री ९:१०

केलं सगळं. लेकीने रेघा मारल्या. डावा २३९ मिमी, उजवा २४३. रुंदी दोन्हीकडे ९९ च्या आसपास. इनसोलवर उभी राहिले तर अंगठ्यापुढे जवळजवळ दीड सेंटीमीटर जागा आहे, म्हणजे भरपूर, पण करंगळीच्या बाजूने पाय गादीच्या बाहेर लोंबतोय, दोन्हीकडे. आणि टाच तर सरळ वर येते, लेकीच्या हातात शूज राहतो आणि माझी टाच बाहेर. जागा एवढी असूनही बोटं आदळतात कशी हे काही कळेना.

पेठेतले_जोडे | ८ सप्टेंबर, रात्री १०:३४

तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आलंय. बोटं आदळतात ती जागा कमी आहे म्हणून नाही, पाय मागे धरून ठेवणारं काही नाही म्हणून. तुमचा पंजा रुंद आहे आणि टाच त्यामानाने बारीक. ५ नंबर पंज्याला आवळत होता म्हणून दुकानदाराने ६ दिला, त्यात लांबी वाढली, रुंदी अगदी थोडी वाढली आणि टाचेचा कप मात्र तुमच्या टाचेला सैल झाला. आता उतारावर प्रत्येक पावलाला पाय दीड सेंटीमीटर घसरत जाऊन पुढच्या भिंतीवर धडकतो, उलट जागा जास्त म्हणून धडक जोरात. आणखी अर्धा नंबर वाढवला असता तर आणखी वाईट झालं असतं.

एक पूर्ण नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिमी, अर्धा म्हणजे चार-सव्वाचार, एवढं डोक्यात ठेवलं की अंदाज येतो. पुढे एक ते सव्वा सेंटीमीटर मोकळं हवं, आणि ते मोठ्या पायाला धरून मोजायचं, म्हणजे तुमच्या उजव्या. बॉक्सवर सेंटीमीटरचा आकडा असतो तो बघाच पण त्याच्यावर डोळे मिटून जाऊ नका, काही कंपन्या त्यात पायाची लांबी धरतात, काही आतल्या जागेची.

रुंदीचं दुखणं आपल्याकडे घरोघरी आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर लाखभर लोकांचे पाय मोजले, आपल्या पायांसाठी वेगळी मापं ठरवायला, आणि त्यात हेच आलं की आपले पाय युरोपातल्या पायांपेक्षा रुंद असतात. आपण मात्र अजून इंग्लंडचे नंबर मागतो. गिऱ्हाईक म्हणतं कडेला आवळतोय, दुकानदार पुढचा नंबर काढतो, कारण रुंद जोड दुकानात ठेवलेलाच नसतो. आमच्याही दुकानात वर्षानुवर्षं असंच चाललं, हे मनापासून कबूल करतो.

एक गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही. अक्षरांनी रुंदी लिहितात त्या पद्धतीत बायकांच्या शूजमध्ये बी म्हणजे नेहमीचा आणि डी म्हणजे रुंद, पण पुरुषांच्यात डी हाच नेहमीचा. म्हणजे त्याच लांबीचा पुरुषांचा साधा जोड तुम्हाला पंज्यात बसू शकतो, रंगाकडे बघू नका, घालून बघा. टाच थोडी सैल वाटेल, ती लेसने धरता येते.

मुरमाड_वाट | ९ सप्टेंबर, सकाळी ६:०५

लेसचं मी सांगतो, माझी नखं यानेच वाचली. ट्रेलच्या शूजला सगळ्यात वर घोट्याजवळ एक जादाचं भोक असतं, बहुतेक लोक ते कधीच वापरत नाहीत. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात वरून घालून एक छोटा फासा ठेवायचा, दोन्हीकडे तसंच, मग डाव्या लेसचं टोक उजव्या फाशातून आणि उजव्याचं डाव्यातून ओवून खाली-मागे ओढायचं आणि गाठ मारायची. टाच मागच्या कपात चिकटून बसते. बांधण्याआधी टाच जमिनीवर दोनदा आपटून पाय मागे बसवून घ्या, पाय पुढे असताना बांधलं तर काही उपयोग नाही.

पंज्यावरच्या लेस सैलच ठेवा. सगळीकडे सारखं करकचून बांधलं की पंजा सुन्न होतो, मग माणूस सगळंच सैल सोडतो आणि परत घसरतो. मी आतकरवाडीला वर टपरीवर ताक पिताना थांबतो ना, तेव्हाच उतरायच्या आधी लेस परत बांधतो, कारण चढताना ती सैल झालेली असते.

कारवीतला | ९ सप्टेंबर, दुपारी १:२०

फिटवर छान चाललंय, मी ग्रिपबद्दल लिहितो कारण ताई कातळावर सटकल्या आणि दोष दातांना देतायत. खोल दात म्हणजे जास्त ग्रिप हा समज मीही पाच-सहा वर्षं बाळगून होतो.

आपल्याकडे एकाच वाटेवर दोन वेगळे ऋतू असतात. दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत मुरूम आणि घसारा, म्हणजे कडक जमिनीवर सुटे बारीक खडे पसरलेले, पायाखाली गोट्या आल्यासारखे वाटतात, वर वाळकं गवत, ते तर तेल सांडल्यासारखं. तिथे दात कामाचे, कारण ते खड्यांच्या थरातून खाली घट्ट जमिनीपर्यंत पोचतात. चार-पाच मिमीचे पुरेत. दातांची दिशाही बघा, पुढच्या भागातले चढताना रेटा द्यायला आणि टाचेखालचे बरेचदा उलट्या तोंडाचे, उतरताना ब्रेक लागावा म्हणून.

पावसात वेगळंच. चिखलात, विशेषतः काळ्या चिकट मातीत, दात खोल हवेत, सहा मिमीच्या पुढे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लांब लांब हवेत, जवळजवळ असले तर मधे माती भरून बसते आणि तुम्ही सपाट सोलवर पळायला लागता. पण तोच खोल दातांचा शूज ओल्या कातळावर आला की तुमचं सगळं वजन त्या मोजक्या टोकांवर येतं, कातळाला टेकणारं रबर अगदी कमी. दात दगडात घुसत नाहीत ना! तिथे धरतं ते रबर, मऊ आणि चिकट रबर, आणि जितकं जास्त टेकेल तितकं बरं. आणि शेवाळं असेल तर कुठलंच रबर धरत नाही, शेवाळ्यावर पाऊल ठेवायचं नाही, खरबरीत कोरडा तुकडा शोधायचा, नाहीतर सरळ बसून उतरायचं.

मऊ रबराची किंमत अशी की ते लवकर झिजतं. कोथरूडहून डांबरी रस्त्याने वेताळ टेकडीपर्यंत पळत जाणार असाल तर मऊ खोल दात सहा महिन्यांत गुळगुळीत होतील. रोज निम्मा रस्ता आणि निम्मी टेकडी असेल तर तीन-साडेतीन मिमीचे कमी दातांचे शूज घ्या.

सोलवरचा पिवळा अष्टकोन, म्हणजे व्हिब्रमचा शिक्का, बघून लोक शूज घेतात, त्याबद्दल. व्हिब्रम कंपनी विताले ब्रामानी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाची. १९३५ मध्ये आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती गेले, पायात खराब हवामानात न टिकणारे बूट होते, हेही त्यामागचं एक कारण मानतात. त्यानंतर त्याने रबरी दातांचा सोल बनवला, १९३७ मध्ये. म्हणजे हा सगळा दातांचा खटाटोप माणसं गमावण्यातून आलाय हे वाचल्यापासून मी सोलकडे वेगळ्या नजरेने बघतो. पण त्याच कंपनीची रबरं अनेक प्रकारची आहेत, काही टिकाऊ कडक, काही ओल्यासाठी, मेगाग्रिप हे ओल्या दगडावर चांगलं धरणारं. नुसता अष्टकोन बघून कळत नाही, रबराचं नाव वाचा. सॅलोमनचं काँटाग्रिप वगैरे इतरांचीही आपापली आहेत. दुकानात सोलच्या दाताला नख दाबून बघा, थोडं दबून परत आलं तर मऊ.

अनवाणी_पाय | ९ सप्टेंबर, रात्री ८:४८

मला एक वेगळं मांडायचंय. गडावर दही-ताक घेऊन रोज चढणाऱ्या मावशी साध्या स्लीपरवर जातात, त्यांची गावातली पोरं आपल्या शेजारून भरकन उतरून जातात. ग्रिप पायात असते, पावलात असते. मी तीन वर्षं पातळ सोलच्या सँडलवर टेकड्या पळतोय, बोटं मोकळी असल्याने नखाचा प्रश्नच नाही. आपण पायांना इतकं बांधून ठेवलंय की ते जमीन ओळखायचं विसरलेत.

फिजिओ_वारजे | ९ सप्टेंबर, रात्री ९:३०

अनवाणी_पाय, तुमचं पायाच्या ताकदीबद्दलचं म्हणणं मला पटतं, पण त्या मावशी लहानपणापासून तशा चालतायत आणि ४३ वर्षं शूजमध्ये राहिलेला पाय दोन महिन्यांत तिथे नेला तर तो माझ्याकडे येतो.

यातूनच ड्रॉपबद्दल. टाचेखालची आणि पंज्याखालची जाडी यातला फरक म्हणजे ड्रॉप. रस्त्याच्या शूजमध्ये बरेचदा आठ-दहा मिमी असतो, ट्रेलच्यात चार-सहा, काहींत शून्य. आल्ट्रा कंपनीचे बहुतेक शूज शून्य ड्रॉपचे आणि बोटांजवळ रुंद, त्यामुळे रानजाईंसारख्या पायाला ते कुणीतरी सुचवेलच. रुंदीसाठी चांगलेच आहेत, पण ड्रॉप कमी झाला की पोटरी आणि टाचेच्या मागच्या शिरेवर, अकिलीसवर, ताण वाढतो. चढावर तर ती आधीच ताणलेली. तसे घेतले तर पहिले काही आठवडे आठवड्यातून एकदा, सपाटीवर, थोडं थोडं. नोव्हेंबर दोन महिन्यांवर असताना मी ड्रॉप बदलायला सांगणार नाही. गुडघा दुखतो त्यांचं गणित वेगळं, त्यांना कमी ड्रॉपने कधी बरंही वाटतं.

नखांचं म्हणाल तर काळं म्हणजे नखाखाली रक्त साचलंय. दुखत नसेल तर त्याला हात लावू नका, ओढून काढू नका. ठणकत असेल, लाल होत असेल, पू वाटत असेल किंवा मधुमेह असेल तर घरी सुई वगैरे न लावता डॉक्टरांकडे जा. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे रंग बघून घाबरू नका. नखं आखूड आणि सरळ कापा, पळायच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन दिवस आधी.

नवा_गडी_हडपसर | १० सप्टेंबर, सकाळी ११:१२

माझं बजेट दोन-तीन हजार आहे हो, कॉलेजात आहे. इथलं 'महागातले' वाचून धडकी भरली. ट्रेकला अ‍ॅक्शन कंपनीचे घालतो, त्याच्यावर पळू का? आणि घरी दादाचे चार वर्षं न वापरलेले महाग ट्रेकिंग शूज पडलेत, नवेकोरे दिसतात, ते वापरू का?

मुरमाड_वाट | १० सप्टेंबर, दुपारी ३:३७

दादाचे अजिबात नको, आधी तपासल्याशिवाय तरी नको. माझ्या बाबतीत झालंय. वेल्ह्यातून तोरण्याला गेलो, कपाटात तीनेक वर्षं राहिलेला जोड, बाहेरून एक ओरखडा नाही, आणि बिनी दरवाज्याच्या अलीकडे उजवा सोल पुढून उघडला, दहा मिनिटांत पूर्ण सुटला. रुमाल आणि लेसने बांधून उतरलो, त्या उताराची भीती अजून पायात आहे. नंतर कळलं की बऱ्याच ट्रेकिंग शूजच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं आणि ते हवेतल्या दमटपणाने आतून कुजतं, आपण वापरत नसलो तरी. उलट वापरात असलेला जोड जास्त टिकतो. अंगठ्याने मधला थर दाबून बघ, भेगा पडल्या किंवा भुगा आला तर संपला विषय. पळायच्या शूजमध्ये बहुतेक ईव्हीए फोम असतो, तो असा कुजत नाही पण कडक होतो आणि गोंद सुटतो. लांबच्या ट्रेकला सॅकमध्ये दोन-चार केबल टाय आणि जाड दोरी ठेवत जा.

अ‍ॅक्शनबद्दल, सह्याद्रीत त्यांच्या ग्रिपने पिढ्या फिरल्यात, त्याच्यावर चालायला मी आजही नाही म्हणणार नाही. पळायला मात्र खाली गादी फार नाही, टेकडीवर पाच-सहा किलोमीटरला सुरुवात कर, चालेल. तुझ्या बजेटमध्ये डेकॅथलॉनचे सुरुवातीचे ट्रेल शूज बघ, संध्याकाळी जा, पळायचे मोजे घालून जा आणि दहा-पंधरा मिनिटं दुकानात फिर, लाजू नकोस.

पहाट_पाच | १० सप्टेंबर, रात्री १०:०१

काल रात्री हे सगळं वाचून माझे ९ नंबरचे काढून इनसोलवर उभा राहिलो. पुढे दोन सेंटीमीटर. दोन सेंटीमीटर! म्हणजे पाच वर्षं मी चुकीचा नंबर घालतोय आणि लोकांनाही तेच सांगतोय. रानजाई ताई, माझा पहिला सल्ला मागे घेतो.

वॉटरप्रूफ घ्यायचे का पावसाळ्यासाठी?

कारवीतला | १० सप्टेंबर, रात्री १०:४०

आपल्या पावसात नको. पाणी कापडातून येतच नाही, वरून घोट्याकडून शिरतं, ओढा ओलांडला की भरला, आणि मग आतला वॉटरप्रूफ पडदा तेच पाणी बाहेर जाऊ देत नाही. दोन बादल्या घेऊन पळल्यासारखं. जाळीचे घ्या, शंभर पावलांत निथळतात. मोजे सुती नकोत, सुती ओले राहतात आणि कातडं सोलतं. घरी आल्यावर इनसोल काढून वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात नको.

रानजाई | ५ ऑक्टोबर, रात्री ८:२५

परवा घेतले. तीन दुकानं फिरले. पुरुषांच्यातला साडेपाच, दात चार मिमीचे, मऊ रबराचा, ड्रॉप माझ्या आधीच्या शूजइतकाच. इनसोलवर उभी राहिले तर पुढे एक सेंटीमीटर आणि करंगळी पहिल्यांदाच गादीच्या आत. दुकानातला मुलगा म्हणाला मॅडम हा जेंट्सचा आहे, मी म्हटलं माहितीये. परत द्यायची सोय विचारून घेतली होती म्हणून सोल खराब न करता घरी पायऱ्यांवर उतरून बघितलं, मग खात्री पटल्यावर सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगच्या रॅम्पवरून दहा वेळा पळत उतरले, वॉचमन काका विचारायला आले की ताई काही हरवलंय का. वरच्या भोकाची लेस शिकायला दोन दिवस लागले, पण टाच जागची हलत नाही. हलतच नाही!

जुने ६ नंबरचे बहिणीला दिले, तिचा पाय लांब आणि अरुंद आहे, तिला हातमोज्यासारखे बसले.

रानजाई | १७ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

झालं कात्रज-सिंहगड. जुन्या बोगद्याजवळून वाघजाईच्या देवळापासून रात्री निघालो, उजाडताना घाटरस्त्याला लागलो. शेवटच्या टेकड्यांच्या उतारावर घसारा इतका की पुढचे दोघं बसून घसरत उतरले, मी छोटी छोटी पावलं टाकत, पाय थोडे आडवे ठेवून उभीच उतरले. प्रत्येक मोठ्या उताराआधी थांबून लेस बांधली, ग्रुप थांबायचा माझ्यासाठी, मग तिसऱ्या टेकडीनंतर तेही बांधायला लागले. घरी येऊन आधी मोजे काढले आणि नखं बघितली. दहाच्या दहा जशीच्या तशी. रडूच आलं मला.

एकच, उजव्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूला फोड आलाय, वाटाण्याएवढा. फक्त उजव्याच.

पेठेतले_जोडे | १७ नोव्हेंबर, दुपारी २:०५

अभिनंदन ताई, मनापासून आनंद झाला. उजवा तुमचा चार मिमीने मोठा आहे, त्यामुळे तिथेच आलाय. आत हात घालून करंगळीपाशी शिवण किंवा चिकटपट्टीची कड लागते का बघा. लागत नसेल तर उजव्याची फक्त सगळ्यात खालची लेस, बोटांजवळची, बाहेरच्या बाजूच्या भोकातून काढून टाका, पुढच्या भोकापासून सुरू करा, तेवढ्याने पंज्याला दोन-तीन मिमी मिळतात. आणि बोटं वेगवेगळी असलेले मोजे मिळतात ते एकदा वापरून बघा. फोड फोडू नका.

रानजाई | १७ नोव्हेंबर, दुपारी २:२०

आत हात घालून बघितला, शिवण आहे, बरोबर तिथेच. खालची लेस काढलीये. रविवारी आतकरवाडीला बघते आणि इथे लिहिते.